ताडोबाच्या बफरमधलं जुनं घर आणि शेतातला होमस्टे: परवानगी नेमकी कोणाची लागते

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मोहर्लीच्या बाजूला एका गावात वडिलांचं जुनं कवेलूचं घर आहे, ते पाडून पक्कं बांधायचंय, आणि गावाबाहेर दीड एकर शेत आहे तिथे चार खोल्यांचा होमस्टे काढायचाय. एकजण म्हणाला की नॅशनल पार्कमध्ये एक वीटसुद्धा ठेवता येत नाही. दुसरा म्हणाला, पैसे द्या, मी फॉरेस्टची एनओसी आणून देतो, मग काहीही बांधा. मी आर्किटेक्ट आहे, जंगलाला लागून असलेल्या गावांतली घरं, होमस्टे, शाळा-अंगणवाडीच्या दुरुस्त्या अशा फायली बरीच वर्षं करतोय, आणि हे दोन्ही सल्ले दर सीझनला ऐकतो. दोन्ही चुकीचे आहेत. तुमच्या दोन कामांच्या परवानग्या एकमेकांपासून पूर्ण वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाच फायलीत दोन्ही घालू नका, हे पहिल्यांदा सांगतो.

आता मुळापासून. आपण सगळेच सरसकट 'ताडोबा नॅशनल पार्क' म्हणतो पण कागदावर नॅशनल पार्क म्हणजे फक्त ११६.५५ चौरस किलोमीटर, १९५५ साली जाहीर झालेलं. त्याला लागून अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ ला व्याघ्र प्रकल्प झाला, साधारण ६२५ चौरस किलोमीटर, ते झालं कोअर. त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर, ज्यात गावं आहेत, शेती आहे, महसूल खात्याची जमीन आहे, राखीव वनही आहे. आणि या सगळ्यावर वरून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे लोक ज्याला ईएसझी म्हणतात ते, २०१९ ला केंद्राने अधिसूचित केलेलं. तुमची जमीन यातल्या कोणत्या रेषेच्या आत पडते यावर सगळं अवलंबून आहे, कोण ओळखीचा आहे यावर नाही.

नॅशनल पार्कच्या आत खरंच जवळपास काहीच होत नाही, तो पहिला सल्ला देणारा त्या अर्थाने बरोबर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३५ बघा, पार्कची अंतिम अधिसूचना निघायच्या आधी आतल्या सगळ्या खाजगी हक्कांचा निपटारा होऊन ते शासनाकडे जावे लागतात. अभयारण्यात कलेक्टर मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून काही हक्क चालू ठेवू शकतो, पार्कला ती सोय कायद्यानेच काढून घेतलीये. म्हणून पार्कमध्ये 'माझा प्लॉट' हा प्रकार मुळात उरत नाही. जे काही बांधकाम होतं ते वनखात्याचं स्वतःचं, संरक्षण कुट्या, पाणवठे, रस्त्याची डागडुजी वगैरे, आणि तेसुद्धा वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचं आहे असं ठरलं तरच. व्यावसायिक लॉज, हॉटेल आत काढायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची आधी मंजुरी, हे कलम ३३ मध्ये सरळ लिहिलंय. आणि हे फक्त सामान्य माणसालाच आहे असं समजू नका, उत्तराखंडात कॉर्बेटमध्ये टायगर सफारीच्या नावाखाली परवानगीशिवाय बांधकाम आणि झाडतोड झाली तेव्हा मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथल्या माजी मंत्र्याला आणि अधिकाऱ्याला नाव घेऊन झापलं.

कोअरमध्ये जी थोडी गावं होती त्यातली बरीचशी आता बाहेर आलीत, नवेगाव-रामदेगी, जामणी ही नावं तुम्हाला माहीतच असतील. अशा एखाद्या उरलेल्या गावात कोणाचं घर असेल तर ते राहतं घर दुरुस्त करणं आणि नवीन बांधणं यात फार मोठा फरक आहे. फाटलेलं छप्पर, पडलेली भिंत, संडास, यासाठी ग्रामसभेचा ठराव घेऊन व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक कोअर यांच्याकडे लेखी अर्ज करायचा, सिमेंट-रेती घेऊन येणारी गाडी कोणत्या गेटने, कोणत्या वेळात येईल तेही अर्जातच लिहायचं, कारण आत यायचीच परवानगी लागते. गावाला शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, विजेची लाइन असं काही हवं असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) आहे, त्यात अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाता कामा नयेत. हा रस्ता गावांना कोणी नीट सांगत नाही आणि मग पोरं गळक्या खोलीत शिकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमचं गाव बफरमध्ये आहे त्यामुळे हा भाग तुम्हाला लागू नाही, पण मोहर्ली-कोळसा पट्ट्यातल्या लोकांचे प्रश्न येत असतात म्हणून लिहून ठेवलं.

एक अजून, इंटरनेटवर 'नॅशनल पार्कमध्ये घर बांधायची परवानगी' शोधलं की इंग्लंडची माहिती येते आणि लोक ती मला पाठवतात. तिकडे लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कच्या आत सुमारे ४० हजार माणसं राहतात, जमीन बहुतेक खाजगी आहे, आणि पार्क ऑथॉरिटीच तिथलं प्लॅनिंग ऑफिस आहे, खिडकी बदलायला, खोली वाढवायला लोक तिच्याकडेच अर्ज करतात. आपला कायदा त्या धर्तीचा नाही. आपल्याकडे वनखातं बांधकामाचा नकाशा मंजूर करत नाही, ते काम ग्रामपंचायत, तहसील, नगररचना यांचं, आणि वनखातं फक्त त्याच्या कायद्यापुरतं बोलतं. म्हणूनच नुसती फॉरेस्टची एनओसी घेऊन कोणी बांधलं तर ते बांधकाम अनधिकृतच राहतं.

आता तुमचं घर. ते आबादीत, म्हणजे गावठाणात आहे असं धरतो. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीवर, तुमच्या वडिलांचं नाव असेल, ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही मिळालं असेल. हे घर पाडून त्याच जागेवर बांधायला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीकडे नकाशासकट अर्ज, हीच मूळ परवानगी. ईएसझीच्या अधिसूचनांमध्ये साधारण एकसारखी भाषा असते, ती अशी की संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक बांधकामाला बंदी, पण स्थानिक लोकांना स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या राहण्यासाठी, बांधकाम नियमांप्रमाणे बांधता येईल. म्हणजे तुमचं घर, ते घर म्हणून बांधलंत तर, अडत नाही. अर्जात 'राहण्यासाठी' असं स्पष्ट लिहा आणि नकाशात सहा अटॅच बाथरूम दाखवू नका, कारण मग समोरचा अधिकारी विचारणारच की हे घर आहे की लॉज.

मध्ये २०२२ ला खूप घबराट झाली होती, ३ जूनच्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा ईएसझी आणि त्यात कायमस्वरूपी नवीन बांधकाम नाही असं आलं होतं. तेव्हा ग्रामसेवकांनी घरकुलाच्या फायलीसुद्धा बाजूला ठेवल्या. पण २६ एप्रिल २०२३ ला कोर्टानेच तो बदलला, जिथे मसुदा किंवा अंतिम अधिसूचना निघालेली आहे तिथे ती अधिसूचनाच चालेल असं सांगितलं. अजूनही एखाद्या टेबलावर कोणी २०२२ चा आदेश दाखवून फाईल परत करतो, तर २०२३ च्या आदेशाची प्रत आणि ताडोबाच्या अधिसूचनेची प्रत दोन्ही फायलीला लावूनच जा. भांडायचं नाही, कागद पुढे ठेवायचा.

अंतराचं मात्र नीट समजून घ्या कारण इथेच सगळे गडबडतात. एक किलोमीटर म्हणजे गेटपासून रस्त्याने एक किलोमीटर नाही. अधिसूचनेत जी हद्द सांगितलीये तिच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून सरळ रेषेत मोजायचं. गेट चार किलोमीटर लांब असतं आणि शेताच्या मागच्या नाल्यापलीकडे हद्दीचा पिलर उभा असतो, असं आपल्याकडे सर्रास आहे. ईएसझीची रुंदीही सगळीकडे सारखी नसते, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ईएसझी डिसेंबर २०१६ ला आला तो कुठे १०० मीटर आहे तर कुठे ४ किलोमीटर. अधिसूचनेला गावांची यादी आणि हद्दीचे अक्षांश-रेखांश जोडलेले असतात, मोबाइलवर शेताच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या आणि त्याच्याशी ताडून बघा, साधारण अंदाज लगेच येतो. पक्कं अंतर मात्र बफरच्या उपसंचालकांच्या ऑफिसकडून लेखी घ्यायचं. तोंडी 'तुम्ही बाहेर आहात' याला काही अर्थ नाही.

शेताचा विषय जास्त किचकट आहे, तिथे वेळ घालवा. पहिलं काम, सातबारा घेऊन पटवाऱ्याकडे बसा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. तिथे 'राखीव वन', 'खाजगी वन' असली नोंद असेल, वर्ग-२ ची, म्हणजे विकायला-वापर बदलायला शासनाची परवानगी लागणारी जमीन असेल, किंवा जमीन आदिवासी खातेदाराकडून आलेली असेल, तर होमस्टेचा विचार तिथेच थांबवून आधी ते सोडवावं लागतं. आणि आपल्या विदर्भाचं खास म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहाच जिल्ह्यांत ही भानगड आहे, महसूल रेकॉर्डला झुडपी जंगल लिहिलेलं आणि प्रत्यक्षात तिथे शेत, घर, कधी कधी तहसील कचेरीसुद्धा. २२ मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने झुडपी जंगल हे वनच धरायचं असं ठरवलं, १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांसाठी वेगळी वाट दिली आणि नंतरच्यांसाठी नियम कडक ठेवले. तुमच्या दीड एकरात एखादा तुकडा जरी असा निघाला तरी तो भाग नकाशातून वगळा, कारण वनजमिनीचा वापर बदलायला केंद्राची मंजुरी लागते आणि ती खाजगी होमस्टेला मिळेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. जुनं रेकॉर्ड मागा, मिसल, निस्तार पत्रक, फेरफार, आजचा ऑनलाइन सातबारा पुरेसा नाही.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडे पैसे भरून मोजणी लावा आणि क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या. शेत वनाला लागून असेल तर वनखात्याला आधी पत्र देऊन त्यांच्या माणसासमोर मोजणी करून घ्या. पटवारी, भूकरमापक, बीट गार्ड आणि तुम्ही असे चौघं धुऱ्यावर उभे राहता, भूकरमापक मशीन लावून दगडाची जागा दाखवतो, बीट गार्ड त्याच्याकडच्या वननकाशावरून पिलरचा नंबर सांगतो, आणि बरेचदा या दोन रेषांमध्ये चार-पाच मीटरचा पट्टा निघतो जो दोघांच्याही नकाशात आपापला आहे. त्या पट्ट्यात काहीही बांधू नका. कुंपण, गेट, सेप्टिक टँक, काहीच नाही. पुढे तक्रार झाली की हीच जागा पहिल्यांदा मोजतात आणि तेवढ्यासाठी पूर्ण होमस्टे अडकतो.

आता होमस्टे. शेतजमिनीचा वापर बदलायचा म्हणजे महसूल कायद्याखालचे अकृषिक, म्हणजे बिगरशेती वापराचे नियम लागतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर कलम ४२ ड ने बरंच सोपं होतं, म्हणून तेही अंतर मोजणीत दाखवून घ्या. पण ईएसझीमध्ये आहात म्हणून त्यावर आणखी एक थर आहे. अधिसूचनेची नेहमीची अट अशी की शेती, मोकळी जागा ही व्यावसायिक किंवा निवासी संकुलासाठी वापरता येत नाही, मात्र स्थानिक रहिवाशांची घराची गरज आणि काही ठरावीक गोष्टी, ज्यात गावपातळीची छोटी दुकानं, कुटीरोद्योग आणि होमस्टे येतात, त्यासाठी देखरेख समितीच्या शिफारशीने बदल करता येतो. होमस्टे हा शब्द तिथे लिहिलेला आहे, रिसॉर्ट हा शब्द नाही. म्हणून तुमच्या अर्जात, नकाशात, बोर्डावर, बुकिंगच्या वेबसाइटवर सगळीकडे तो होमस्टेच दिसला पाहिजे आणि खरंच होमस्टेच असला पाहिजे. घरचं माणूस तिथे राहतं, जेवण घरचं, खोल्या चार. स्विमिंग पूल, लग्नाचा लॉन, डीजे आला की ते हॉटेल झालं, आणि हॉटेल-रिसॉर्टला एक किलोमीटरच्या आत बंदी, बाहेर झोनल मास्टर प्लॅनप्रमाणे, म्हणजे ईएसझीसाठी केलेल्या विकास आराखड्याप्रमाणे.

यात तुमच्या बाबतीत एक अडचण मला दिसते ती स्पष्ट सांगतो. तुम्ही स्वतः नागपूरला राहता असं लिहिलंय. सवलत 'स्थानिक रहिवाशा'ला आहे. वडील गावातच राहतात, मतदार यादीत, रेशनकार्डावर त्यांचं नाव तिथलं आहे, तर अर्जदार वडीलच ठेवा, आणि तसं खरंच असू द्या. बाहेरच्या पार्टनरने पैसे घालायचे आणि नाव गावच्या माणसाचं, हा प्रकार बफरमध्ये खूप चाललाय, यात गावातला माणूस शेवटी स्वतःच्याच शेतावर वॉचमन म्हणून उरतो. माझ्याकडे अशी फाईल आली तर मी घेत नाही.

समित्या दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात. ईएसझीची देखरेख समिती पर्यावरण कायद्याखालची. दुसरी स्थानिक सल्लागार समिती, ती व्याघ्र प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१२ च्या पर्यटन मार्गदर्शक सूचनांमधून आलेली, तिचे अध्यक्ष विभागीय आयुक्त असतात, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासचं पर्यटन बांधकाम किती, कसं असावं हे ती बघते. अशा समित्या दर महिन्याला बसत नाहीत, विषयपत्रिकेत तुमचा विषय लागला नाही तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं. म्हणून अर्ज अपुरा देऊ नका, एक त्रुटी निघाली की ती बैठक गेलीच समजा. पर्यटन संचालनालयाची नोंदणी, अन्न परवाना ही नंतरची सोपी कामं, त्यात अडकायला होत नाही. सांडपाण्यासाठी प्रदूषण मंडळाची संमती किती खोल्यांना लागते ते चंद्रपूरच्या ऑफिसमध्ये तुमच्या नकाशावर विचारून घ्या.

स्थळ पाहणीला आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, येतात तेव्हा ते तुमचं एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बघत नाहीत. नाला कुठून जातो, जनावरांची पायवाट शेतातून आहे का, विहिरीला कठडा आहे का, झाडं किती आणि कोणती, हे बघतात. साग, मोह, आंबा, जांभूळ, ऐन, बीजा, हळदू ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि तुमच्याच शेतातला साग कापून दारं-खिडक्या करायच्या तरी वाहतूक परवाना लागतो. मी नकाशा करतानाच प्रत्येक झाडाला नंबर टाकून त्याच्या भोवतीने खोल्या बसवतो. चार खोल्यांसाठी मोहाचं झाड पाडायची वेळ येत असेल तर नकाशा चुकलाय.

विहिरीचं तर हात जोडून सांगतो. बफरमध्ये उघड्या विहिरीत बिबट, अस्वल, रानगवा पडतात, दरवर्षी पडतात. कामाला सुरुवात करायच्या आधी कठडा बांधा आणि जाळी टाका, परवानगीत अट असो नसो. कुंपणाला तार ओढायची असेल तर मध्ये वाट सोडा, करंट अजिबात नाही, सोलर झटका मशीन लावायचं तर तेही वनखात्याला कळवून. रात्री बांधकामाच्या गाड्या नकोत, गच्चीवर फोकस लाइट नकोत. रूफ शक्यतो उतरतं कवेलूचं ठेवा, त्या उन्हात ते स्लॅबपेक्षा बरंही पडतं आणि पाहणीतही चटकन पटतं.

राहिला तो एनओसी आणून देणारा. त्याला एकच विचारा, एनओसी कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या सहीची. त्याच्याकडे उत्तर नसतं. असल्या कागदावर बांधलेलं पुढे पाडायला लागलं की तो फोन उचलत नाही आणि नोटीस सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला येते. ईएसझीच्या अटी मोडल्या तर पर्यावरण कायद्याखालचा दंड आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे, आणि वन्यजीव कायद्यातले दंडही २०२२ च्या दुरुस्तीत वाढलेत.

तुम्ही या महिन्यात एवढं करा: घराचा अर्ज ग्रामपंचायतीत टाकून मोकळे व्हा, ते होमस्टेसाठी अडवून ठेवू नका. शेताचं जुनं रेकॉर्ड काढा आणि मोजणीचे पैसे भरा. पावसाळ्यात धान उभं असतं तेव्हा मोजणीवाले बांधात उतरत नाहीत, म्हणून तारीख उन्हाळ्याची मिळेल असं बघा. क प्रत आणि उपसंचालकांचं अंतराचं पत्र आलं की मग नकाशा काढायचा, त्याच्या आधी कोणत्याही आर्किटेक्टला, मला धरून, फी देऊ नका.